तडकलेला डॅश: भरायचा, मढवायचा की बदलायचा?

बुऱ्हाणपुरात जुनी मोटार सांभाळणाऱ्याला गंजापेक्षा उन्हाची धास्ती जास्त असते. तापीचं खोरं कोरडं आहे. मुंबई-कोकणातल्या गाड्यांचा पत्रा खारट हवेनं खालून खाल्ला जातो, तसं इकडे होत नाही. सत्तरच्या दशकातली एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसडर इथं पत्र्यानं धडधाकट सापडू शकते आणि तिच्या इंजिनाला हात घालणारा मिस्तरीही मिळतो. दार उघडून आत बसलं की मात्र डॅशबोर्डावरच्या गादीला आडवे तडे दिसतात. त्यांच्या कडा वर वळलेल्या असतात आणि आतल्या पिवळ्या फोमचा भुगा मीटरवर सांडलेला असतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो भरून घ्या, कुणी रेग्झिन चढवायला सांगतो, कुणी फायबरचा नवा करून देतो, तर कुणी मुंबईहून जुना आणायला सुचवतो.

हे सगळे मार्ग मी इथं तपासून मांडतो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते पारखून घेता येईल: आतला मूळ ढाचा काहीही झालं तरी जपावा आणि वरची कातडी निःसंकोच बदलावी. तडा भरून वरून रंग मारणं आणि अख्खा डॅश काढून फेकणं, या दोन टोकांना आपल्या हवेत सहसा पश्चात्तापच पदरी पडतो.

डॅशला गादी का आली, हे माहीत असेल तर निवड सोपी होते. पूर्वी डॅश लाकडाचा किंवा पत्र्याचा असे. बुऱ्हाणपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर, इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३५ च्या सुमारास ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली. ती गाडी आज जगातल्या नामांकित मोटारींत गणली जाते. त्या काळच्या अशा गाड्यांचे डॅश धातूचे किंवा लाकडाचे असत. त्यांवर उन्हात तडकायला गादीच नसे, पण अपघातात तोंड आपटलं तर चेहरा फुटत असे. डेट्रॉइटचे प्लास्टिक सर्जन क्लेअर स्ट्रेथ असे फुटलेले चेहरे शिवत असत. डॅशवर गादी हवी आणि पुढे आलेल्या मुठी नकोत, असा आग्रह त्यांनी १९३० च्या दशकात मोटार कंपन्यांकडे धरला. १९४८ च्या टकर गाडीत गादीचा डॅश आला. १९५६ मध्ये फोर्डनं तो जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत गाडीच्या अंतर्भागाच्या आघातसुरक्षेचा नियमच लागू झाला. म्हणजे ती गादी शोभेसाठी आलेली नाही. तिच्या जागी कडक, टोकदार काही बसवणं हे सत्तर वर्षांमागं जाणं आहे. डॅशबद्दलचा कोणताही सल्ला आधी या कसोटीवर घासावा.

आता तडा का पडतो ते पाहू. गादीच्या डॅशला तीन थर असतात: खाली पत्र्याचा, कडक प्लास्टिकचा किंवा दाबलेल्या पुठ्ठ्याचा ढाचा, मध्ये पॉलियुरेथेन फोम आणि वर पीव्हीसीची कातडी. पीव्हीसी मुळात पाण्याच्या नळासारखं कडक असतं. ते मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ व्हिनाइलच्या वजनात त्याचा वाटा ढोबळमानानं तिसऱ्या हिश्श्याचा असतो. उन्हात हे द्रव्य हळूहळू बाहेर पडतं. काही खालच्या फोममध्ये मुरतं, काही वाफ होऊन उडतं. पुढच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट पापुद्रा धरतो, त्यात हे उडालेलं द्रव्य मोठ्या प्रमाणात असतं. काच पुसताना आपण डॅशचा मऊपणाच फडक्यावर घेत असतो. तेल गेलं की कातडी आकसते, पण खाली ती चिकटलेली असल्यानं तिला आकसायला वाव मिळत नाही. सगळा ताण मग अशक्त जागी गोळा होतो: हवेच्या जाळीचा कोपरा, स्पीकरची भोकं, स्क्रूचा घेर, काचेलगतची कड. तडे तिथूनच निघतात.

या ताणात तापमानाची भर पडते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी गावी संशोधकांनी उन्हात उभ्या गाड्या मोजल्या. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना तासाभरात गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ते ४५ च्या घरात असतो, तेव्हा बुऱ्हाणपुरातल्या लालबागला स्टेशनबाहेर दुपारभर उभ्या असलेल्या गाडीचा डॅश याहून थंड राहील असं मानायला जागा नाही. हिवाळ्यात पहाटे तोच डॅश दहा-बारा अंशांवर येतो. साठ अंशांच्या या फरकात मीटरभर लांबीचा पोलादी पत्रा पाऊण मिलिमीटर लांबतो-आखडतो. तेवढ्याच लांबीचं एबीएस प्लास्टिक मात्र जवळजवळ पाच मिलिमीटर. एकावर एक चिकटवलेल्या दोन वस्तू वर्षानुवर्षं अशा वेगवेगळ्या मापानं हलत राहिल्या, तर कुठंतरी सुटणारच. कडक झालेली कातडी उन्हात निदान थोडी सैल होते. थंडीत तिची लवचीकता संपते, म्हणून मेमध्ये शिजलेला डॅश जानेवारीतल्या पहाटे तडकलेला दिसतो. मालक थंडीला दोष देतो, पण खरं नुकसान उन्हाळ्यात झालेलं असतं.

अतिनील किरणांचा वाटाही मोठा आहे. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच हे किरण जवळपास सगळे अडवते. जुन्या गाड्यांच्या साध्या टफन काचेतून त्यातला बराच भाग आत येतो. जुन्या गाडीची पुढची काच बदलायची वेळ आलीच, तर लॅमिनेटेड घ्यावी. अपघातात ती चुरा होऊन अंगावर येत नाही, हा मोठा फायदा आहेच. डॅशचं आयुष्य वाढतं, हा दुसरा.

काम सुरू करण्याआधी आपला डॅश कोणत्या जातीचा आहे ते ओळखावं. पद्मिनी ही इटलीतल्या फियाट ११००-डी ची भारतीय आवृत्ती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनवली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बनत राहिली. आडव्या पट्टीचा स्पीडोमीटर असलेल्या तिच्या डॅशचा ढाचा पत्र्याचा आहे. इथल्या मालकाचं हे भाग्यच म्हणावं लागेल, कारण पत्रा वाकला तर ठोकून सरळ होतो आणि गंजला तर घासून रंगवता येतो. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनली. तिच्या जुन्या मॉडेलांना धातूचा डॅश आणि शेवटच्या पर्वातल्यांना प्लास्टिकचा साचेबंद. कॉन्टेसा, प्रीमियर ११८ एनई आणि मारुती ८०० या १९८० च्या दशकातल्या गाड्यांपासून साच्यातल्या प्लास्टिकचं राज्य सुरू झालं. परदेशातून आलेल्या मर्सिडीजपैकी १९७६ ते १९८५ च्या दरम्यानच्या डब्ल्यू १२३ चा डॅश वरच्या बाजूनं तडकण्यासाठी जगभर ओळखला जातो. तो जाड फोमचा आहे आणि दुरुस्तीला सर्वांत अवघड.

तडा भरणं हा मार्ग सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो, कारण तो स्वस्त दिसतो. गावात मिळणारं एम-सील, अरल्डाइट किंवा बॉडीची पुट्टी भरायची, पॉलिशपेपर मारायचा आणि काळा रंग फवारायचा. महिनाभर काम छान दिसतं. पण ही सगळी द्रव्यं दगडासारखी घट्ट होतात. आजूबाजूचं व्हिनाइल तापल्यावर हलतं, मधली पट्टी हलत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात भरलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना दोन नवे तडे उभे राहतात. एकाचे दोन. गादीच्या डॅशमध्ये भरायचंच असेल तर लवचीक राहणारं दोन भागांचं युरेथेन फिलर लागतं. तड्याच्या उचललेल्या कडा कापून भेग इंग्रजी व्हीसारखी मोकळी करायची, दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तिची वाट अडवायची, खालचा कुजका फोम खरवडून नवा भरायचा, वर जाळीचं कापड चिकटवून फिलर थरांनी चढवायचं, दाणेदार पोत उठवायचा आणि व्हिनाइलचाच लवचीक रंग द्यायचा. एवढी मेहनत करूनही उरलेली कातडी तेवढीच म्हातारी असते. म्हणून हा उपाय मी एकच छोटा तडा असलेल्या आणि बाकी कातडी बोटानं दाबल्यावर अजून मऊ लागणाऱ्या डॅशपुरता राखून ठेवतो. नखानं टकटक केल्यावर कडक आवाज आला, तर फिलरवर पैसे घालू नयेत.

कडक प्लास्टिकच्या डॅशची गोष्ट वेगळी आहे. तिथं भरणं, किंबहुना जोडणं, हाच योग्य मार्ग. बऱ्याच गाड्यांत भागाच्या मागं प्लास्टिकचं नाव छापलेलं असतं. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून खळ करावी. ती तड्यात मागून भरली की प्लास्टिक प्लास्टिकशी एकजीव होतं. पीपी असेल तर कुठलीही खळ टिकत नाही. तापलेली तार मागून रोवणारं यंत्र किंवा प्लास्टिक वेल्डिंगच लागतं. बंपर जोडणारे कारागीर हे काम करतात. त्यांना डॅश काढून नेऊन द्यावा, गाडीत बसून काम करायला सांगू नये.

जे फवारल्यानं डॅश चमकतो ते सिलिकॉनचं पॉलिश, दुरुस्तीचा विचार असेल तर कटाक्षानं टाळावं. सिलिकॉन पृष्ठभागात मुरतं आणि मग त्यावर ना रंग धरतो ना चिकटवायचं सोल्युशन. रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल ठिपके सोडून मागं सरकतो. आधीच्या मालकानं ते वर्षानुवर्षं मारलं असेल, तर साफसफाईतच अर्धा दिवस जातो.

झाकणं हा मार्ग अमेरिकेत फार चालतो. मूळ डॅशच्या मापाचं पातळ एबीएसचं टोपण बनवून मिळतं आणि ते वरून चिकटवायचं असतं. पद्मिनी-अँबेसडरसाठी अशी तयार टोपणं बाजारात असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. दुसरं म्हणजे टोपणाखाली तडा वाढतच राहतो आणि टोपण काढताना मूळ कातडी सोबत निघते. परदेशी गाडीसाठी ते मागवलंच, तर व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन लावू नये, त्यातल्या आम्लानं खालचा पत्रा गंजतो. मखमलीचं किंवा जाड सुती कापडाचं पांघरूण मात्र मी कुणालाही सुचवेन. ते किरण अडवतं, काचेतली चकाकी मारतं आणि उचलून झटकता येतं. फक्त रबरी पाठीचं घेऊ नये, उन्हात ते कातडीला चिकटून बसतं. गणपती, ७८६ किंवा खंडा डॅशवर लावताना दुहेरी चिकटपट्टीनं थेट कातडीवर लावू नये. या कापडावर बसवावं, नाहीतर काढताना कातडीचा तुकडा सोबत निघतो.

आता मढवण्याकडे येतो. माझ्या मते या गावाच्या हातात असलेला हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये यानं बुऱ्हाणपूरचं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याचं लिहून ठेवलं. आजही हे गाव पॉवरलूमच्या आवाजावर जगतं. रेग्झिन म्हणजे शेवटी कापडावर चढवलेलं पीव्हीसी, आणि डॅशचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा त्या मागच्या कापडामुळं. सीटवाला सहसा सीटचंच रेग्झिन डॅशला वापरतो. त्याची पाठ विणलेली असते, म्हणजे ताणा-बाणा आहे, आणि ती फारशी ताणली जात नाही. सीट सपाट असते म्हणून तिथं चालतं. डॅशला मीटरवरची कमान असते, हवेच्या जाळ्यांचे खड्डे असतात, कोपरे असतात. तिथं असं कापड सुरकुत्या धरतं किंवा खड्ड्यावरून तंबूसारखं ताणून राहतं. पहिल्याच उन्हाळ्यात ते सुटतं आणि खड्ड्यात हवा धरते. डॅशला होजिअरीसारखी गुंफलेली, चारी बाजूंना ताणणारी पाठ असलेलं व्हिनाइल लागतं. लूमवाल्या गावात हा फरक समजावायला फार शब्द लागत नाहीत. नमुन्याचा तुकडा हातात घ्यावा, उभा ओढावा, आडवा ओढावा, तिरपा ओढावा. तिन्ही दिशांना सारखा ताणला गेला तरच तो डॅशसाठी घ्यावा.

काम असं चालतं. डॅश गाडीतून पूर्ण काढायचा. जुनी कातडी शक्य तेवढी अखंड उतरवायची, कारण तीच कापायचा नमुना असते. कुठं शिवण होती, कुठं वळली होती, किती मागं घेतली होती, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. भुगा झालेला फोम पत्र्यापर्यंत खरवडायचा. पत्र्यावर गंज असेल तर घासून प्रायमर द्यायचा. नवा फोम पातळ थरांनी चढवून मूळ आकार पॉलिशपेपरनं घडवायचा. या टप्प्यावर घाई झाली तर पुढचं काहीच सावरत नाही, कारण फोमची प्रत्येक लाट कातडीवर उमटते. मग व्हिनाइल हीट गननं कोमट करायचं आणि आधी खड्ड्यांत, नंतर उंचवट्यांवर, मधून कडांकडं बसवत न्यायचं. कडा बोटभर मागं घेऊन पत्र्याखाली दाबायच्या. नुसत्या चिकटपट्टीवर सोडायच्या नाहीत. जिथं मूळ डॅशला शिवण नव्हती तिथं शिवण घ्यावी लागलीच, तर ती सरळ आणि मीटरच्या समोर पडेल अशी घ्यावी, म्हणजे ती मूळचीच वाटते.

सोल्युशनच्या निवडीत सर्वाधिक कामं फसतात. साधं सोल्युशन साठ-सत्तर अंशांवर मऊ पडतं. आपला डॅश नेमका त्या तापमानावर रोज दुपारी जातो. म्हणून उष्णता सोसणारं, निदान ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत धरणारं सोल्युशन मागावं आणि डब्यावर तसं लिहिलेलं स्वतः वाचावं. ते दोन्ही बाजूंना लावून बोटाला न चिकटण्याइतकं वाळू द्यायचं, मगच जोडायचं. पावसाळ्यात हे काम करू नये. सोल्युशनचा द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि खाली पांढुरका, कमजोर थर तयार होतो. आपल्याकडे या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

खरं चामडं लावायची हौस काहींना असते. ते सीटला लावावं. डॅशवर चामडं उन्हानं आकसतं आणि काचेकडच्या कडेला वळून उठतं. कितीही महाग असलं तरी बुऱ्हाणपूरच्या मेसमोर ते टिकत नाही. रंगाबाबतही एक आग्रह आहे: वरचा भाग चकाकता नको. चकचकीत डॅशचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि इच्छापूरकडं जाताना समोरून ऊन आलं की रस्ता धूसर होतो. मॅट काळा किंवा गडद तपकिरी बरा.

मढवण्याहून वरचं काम म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग. ढाच्यावर नवा फोम ओतून, तापवलेली व्हिनाइलची चादर पोकळीच्या जोरावर त्यावर बसवतात. शिवण नसते, मूळचा दाणाही येतो. अमेरिकेत यावर उभे राहिलेले कारखाने आहेत. ते ग्राहकाचा मोडका डॅशच मागवतात आणि त्याच ढाच्यावर नवी कातडी चढवून परत पाठवतात. त्यांच्याकडेही मूळ ढाच्याशिवाय काम होत नाही, हे ध्यानात घ्यावं. पुण्याच्या चाकण-पिंपरी पट्ट्यात हे तंत्र नव्या गाड्यांच्या कारखान्यांत रोजचं आहे, पण एका डॅशसाठी तिथला साचा कोण लावणार? दहा-बारा पद्मिनीवाले एकत्र आले तर विचारायला हरकत नाही. एकट्यानं त्या फंदात पडू नये.

फायबरचा डॅश हा आपल्या भागातला सर्वांत सुलभ पर्याय आहे, कारण ट्रॅक्टरची छतं आणि बसचे भाग बनवणारे फायबरवाले आसपास आहेत. जुन्या डॅशवरून साचा काढायचा आणि काचतंतू व रेझिनचे थर देऊन नवा उचलायचा. तो उन्हात तडकत नाही, ही जमेची बाजू मी नाकारत नाही. पण त्याला गादी नाही. टक्कर झाली तर त्याच्या धारदार कपच्या उडतात. साचा काढताना मूळ डॅशवर मेण नीट चढवलं नाही, तर उरलेली कातडीही साच्यासोबत जाते. आणि मापात दोन-तीन मिलिमीटर इकडं-तिकडं झालं की मीटर बसत नाही, मग फायबर कापतात, मग पत्रा कापतात. गाडीचा पत्रा कापायची वेळ आली की तो कारागीर थांबवावा. फायबरचा उपयोग मी एकाच प्रसंगी मान्य करतो: मूळ ढाचाच हरवला असेल तेव्हा. तिथंही तो नुसता रंगवून लावू नये. ढाचा समजून वर फोम आणि व्हिनाइल चढवावं.

बदलायचं म्हणजे कुठून आणायचं? पद्मिनीच्या भागांचं माहेर मुंबई. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आणि चोरबाजारातली मटन स्ट्रीट ही वर्षानुवर्षांची ठिकाणं. दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. मेरठचं सोतीगंज चोरीच्या गाड्यांच्या प्रकरणांमुळं डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडलं. त्यापासून घ्यायचा धडा म्हणजे भंगारातून डॅश घेतानाही बिल मागावं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सी मोडीत निघत होत्या तेव्हा त्यांचे मीटर, मुठी, काचा आणि डॅश बाजारात येत होते. तो झरा आता आटला आहे. शिवाय मुंबईच्या टॅक्सीतून निघालेला डॅश म्हणजे वीस वर्षं उन्हात उभी राहिलेली वस्तू. तो आणून बसवला की आपण एक म्हातारी कातडी काढून दुसरी म्हातारी कातडी बसवलेली असते. जुना डॅश घ्यायचाच असेल तर त्याच्या ढाच्यासाठी घ्यावा आणि पत्रा, स्क्रूच्या जागा, मीटरची चौकट तपासून घ्यावी. वरच्या रूपाकडं पाहून भाव देऊ नये.

जाळ्या, मुठी, झाकणं असे छोटे भाग त्रिमिती छपाईनं होतात. इंदूरला आणि पुण्याला हे करून देणारे आहेत. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पीएलए नावाचं स्वस्त, सर्रास वापरलं जाणारं प्लास्टिक नको, कारण ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मेमध्ये डॅशवर वाकेल. एएसए मागावं, ते ऊन आणि उष्णता दोन्ही सोसतं. एबीएस उष्णता सोसतं पण उन्हात पिवळं पडतं, त्यावर रंग लागतो.

कोणताही मार्ग घेतला तरी डॅश उतरवणं आलंच, आणि तिथं कातडीपेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. बॅटरीची तार आधी सोडावी. मीटरमागच्या प्रत्येक वायरला कागदी चिठ्ठी बांधावी आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरचं आवरण वाकवताच फुटतं. जिथं तांबं दिसलं ती वायर टेप न गुंडाळता बदलावी. डॅश बाहेर आहे तेव्हाच फ्यूज बॉक्स, स्पीडोमीटरची केबल, वायपरची मोटर उरकून घ्यावी, पुन्हा ही संधी येत नाही. काही गाड्यांत वरचे स्क्रू काचेच्या रबराखाली असतात. तिथं जोर लावला तर काच जाते. आणि १९९० नंतरच्या एखाद्या आयात गाडीत प्रवाशासमोर एअरबॅग असेल, तर तो भाग मढवू नये. बॅग फाटून बाहेर येण्याची जागा कंपनीनं मोजून ठेवलेली असते.

कायद्याचं थोडक्यात. डॅशची कातडी बदलल्यानं आरसीवरची कोणतीही नोंद बदलत नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. तिची फी वीस हजार रुपये, क्रमांकात व्हीए ही अक्षरं, आणि अट अशी की सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. डॅश बसवण्यासाठी बॉडीचा पत्रा कापलेला असेल, तर तपासणीत तो मुद्दा उभा राहू शकतो. या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कामांपुरतीच काढता येते. रोज बाजारात जाणाऱ्या पद्मिनीसाठी तो मार्ग नाही.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ट्यूरिन सनदेत एक तत्त्व मांडलं आहे: मूळ द्रव्य जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवावं, केलेला बदल परत फिरवता यावा आणि त्याची नोंद ठेवावी. आपल्याकडे हे फक्त महाराजांच्या गाड्यांचं काम समजतात. पद्मिनीलाही ते लागू आहे. मढवलेली कातडी उद्या उतरवता येते, खालचा पत्रा कारखान्यातून आला तसा राहतो. कापलेला पत्रा परत येत नाही.

म्हणून बुऱ्हाणपूर, रावेर, खंडवा, भुसावळ या पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना माझी विनंती आहे. या हिवाळ्यात डॅश उतरवून ताणणारं व्हिनाइल आणि उष्णता सोसणारं सोल्युशन घेऊन आपल्याच सीटवाल्याकडे जा. गाडी सावलीत लावा आणि सावली नसेल तर डॅशवर कापड टाका. काम झाल्यावर सीटवाल्याकडून उतरवलेली जुनी कातडी मागून घ्या, तिच्यावर गाडीचं मॉडेल आणि साल लिहून गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या पद्मिनीवाल्यानं नमुना मागितला तर ती त्याला वापरायला द्या.